मिटलेली मूठ आणि कोरडी सुई

माझ्या डाव्या हाताची नखे कापणे हे आमच्या घरात दोन माणसांचे काम होऊन बसले होते. मुलगी माझे मनगट आतल्या बाजूला वाकवून धरी, म्हणजे बोटे जराशी सैल पडत, आणि तेवढ्या फटीतून माझे यजमान नेलकटर आत सरकवत. करंगळीचे नख तळव्यात रुतून तेथे चंद्रकोरीसारखी खूण उमटली होती, तळव्याची कातडी घामाने पांढरी आणि लिबलिबीत झाली होती, तिला आंबूस वास येत असे, आणि अंगठा तर चार बोटांखाली असा दडला होता की त्याचे नख महिना महिना दृष्टीस पडत नसे. लकव्याने हात गेल्याचे दुःख मी एव्हाना पचवले होते. पण आपल्याच हाताला वास येतो आणि तो आपल्याला धुता येत नाही, ही गोष्ट मला कोणाजवळ बोलता येत नव्हती. आवळलेल्या स्नायूंत औषधाविना सुई घालण्याच्या ज्या उपचाराविषयी (ड्राय नीडलिंग) मी लिहिते आहे, तो मी चालण्या-फिरण्यासाठी किंवा पूर्ववत होण्यासाठी घेतला नाही, या तळव्यासाठी घेतला, हे आधीच सांगितलेले बरे, कारण त्यावरच पुढचे सगळे अवलंबून आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात एका गावात अंगणवाडी सेविका आहे. 2023 च्या जूनमध्ये मृग लागून दोन-तीन दिवस झाले होते आणि घरात पेरणीची गडबड होती. सकाळी भाकरी थापताना डाव्या हाताखालची परात निसटली, ती उचलायला गेले तर हात उठेना, आणि यजमानांना हाक मारली तर शब्द तोंडातल्या तोंडात अडकले. ऊन लागले असेल असे समजून मला कांद्याचा रस चोळण्यात आला, साखरेचे पाणी पाजण्यात आले, पंख्याखाली निजवण्यात आले. यवतमाळच्या दवाखान्यात पोचेपर्यंत दुपारचे दोन वाजून गेले होते. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि ती वेळ आम्ही घरीच घालवली होती. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर त्या माणसाला काही पाजत बसू नये, लगेच गाडी काढावी, एवढे विषयाबाहेरचे असले तरी मी येथे लिहून ठेवते.

पहिले पाच-सहा आठवडे हात ओल्या फडक्यासारखा लोंबत होता. मग जुलैच्या अखेरीस बोटे हळूहळू आत वळू लागली आणि कोपर दुमडू लागले. आम्हा सर्वांना तेव्हा आनंदच झाला, कारण लुळ्या हातात जोर येतो आहे असे आम्ही समजलो. पोळ्याच्या दिवशी भेटायला आलेल्या प्रत्येकाला यजमान माझी मूठ सोडवून पाहायला सांगत, आणि ती कोणाला सुटली नाही की त्यांना बरे वाटे. तो जोर नव्हता, ताठरपणा होता, हे कळायला आम्हाला थंडी उजाडावी लागली. तोपर्यंत कोपर काटकोनात अडकले होते, हात छातीशी आला होता, चालायला लागले की तो आणखी वर सरके, आणि जांभई आली तर माझी इच्छा नसताना आपोआप हनुवटीपर्यंत उचलला जाई. गावात ज्याने त्याने उपाय सांगितले. कबुतराचे रक्त चोळण्यापासून मोहाच्या बियांच्या तेलाच्या मालिशीपर्यंत सगळे सुचवून झाले, आणि मालीश आम्ही केलीही. यजमान शेतकरी माणूस, हाताला जोर फार. ते हात ओढून सरळ करू पाहत, आणि जितके जोरात ओढत तितका तो आवळे.

असे का होते, हे मला पुढे यवतमाळच्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी समजावले, आणि ते समजल्यावर घरातली ओढाताण थांबली. मेंदूकडून स्नायूंना हालचालीचा हुकूम जातो, तसाच त्यांना आवरून धरणारा निरोपही सतत जात असतो. मेंदूतली ती वाट तुटली की पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूच्या प्रतिक्षिप्त क्रियेला आवर राहत नाही, आणि स्नायू जरा ताणला गेला की तो उलटून आखडतो. जितका वेगाने ताणाल तितका जास्त आखडतो. आमच्याकडे गोऱ्ह्याला दावे लावून हिसका दिला तर तो चारी पाय रोवून उभा राहतो, आणि दावे नुसते ताणून सबुरीने उभे राहिले तर आपणहून दोन पावले पुढे येतो. मॅडमचे बोलणे ऐकून यजमानांनी हीच उपमा दिली, आणि मॅडमनी ती मान्य केली. मात्र त्यांनी एक भर घातली. महिनोन्महिने दुमडून राहिलेला स्नायू आतून खरोखरीच आखूड आणि चिवट होतो, आणि तो भाग हळू ओढूनही येत नाही. मेंदूमुळे आलेला ताठरपणा आणि स्नायू आखडून गेल्यामुळे आलेला ताठरपणा माझ्या हातात दोन्ही होते, आणि सुईचा उपयोग झाला तर मुख्यतः पहिल्यावर होईल, दुसऱ्यासाठी रोजचा ताण आणि रात्रीची पट्टी लागेल, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते.

त्यांच्याकडे जाण्याआधी तीन वाटा पाहून झाल्या होत्या. बॅक्लोफेनच्या गोळ्यांनी मूठ किंचित सैल झाली, पण त्या गोळीला डावा हात आणि उजवा हात यांतला फरक कळत नाही; सगळे अंग ढिले पडे आणि अंगणवाडीत मुलांना गाणे शिकवताना माझी मान कलंडे. डॉक्टरांनी मात्रा हळूहळू उतरवली, कारण ही गोळी एकदम बंद करायची नसते. नागपूरच्या मेंदूरोगतज्ज्ञांनी बोटॉक्सचे इंजेक्शन सुचवले. ते स्नायूत देतात, चेतातंतूकडून स्नायूला मिळणारा निरोप ते अडवते, परिणाम साधारण तीन महिने टिकतो आणि मग पुन्हा घ्यावे लागते. मेंदूच्या झटक्यानंतरच्या ताठरपणावर या इंजेक्शनचा अभ्यास सुईपेक्षा कितीतरी अधिक आणि मोठ्या प्रमाणावर झालेला आहे, आणि ज्यांना परवडते त्यांनी त्याचा विचार आधी करावा, असे माझे स्वतःचे मत आहे. आम्हाला सांगितलेली रक्कम वर्षातून तीन-चार वेळा उभी करणे शक्य नव्हते.

तिसरी वाट चुकीची निघाली. तालुक्याच्या गावी भाड्याच्या खोलीत एक गृहस्थ सुयांनी लकवा बरा करतात असे कळले आणि आम्ही गेलो. त्यांनी मला कोणता आजार झाला, कोणत्या गोळ्या चालू आहेत, यांतले काहीही विचारले नाही. सुया स्टीलच्या वाटीतून काढल्या आणि हातमोजे न घालता दंडापासून मनगटापर्यंत वीसेक टोचून ठेवल्या. मी रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज घेते. दुसऱ्या दिवशी हात कोपरापर्यंत काळानिळा पडला आणि तो डाग उतरायला दहा-बारा दिवस लागले. मला त्या गृहस्थांशी भांडायचे नाही, पण जो माणूस गोळ्यांचे पाकीट पाहायला मागत नाही आणि पाकीटबंद सुई आपल्यासमोर फोडत नाही, त्याच्यापुढे हात ठेवू नये.

एवढे झाल्यावर मी पुन्हा सुईच्या वाटेला जाणार नव्हते. फेब्रुवारी 2024 मध्ये मुलीच्या हट्टाने यवतमाळला फिजिओथेरपिस्ट मॅडमकडे गेलो, ते फक्त रात्री बांधायची पट्टी करून घ्यायला. ड्राय नीडलिंगचे नाव त्यांनी काढले तेव्हा शेजारच्या बाकावर बसलेल्या आजी मला म्हणाल्या, "लकव्याचा हात काई सुईनं सुदा होत नाई, बाई." मॅडमनी ते ऐकले आणि शांतपणे म्हणाल्या, "आजी बरोबर सांगताहेत. हात सरळ होणार नाही. काकू, तुम्हाला हात कशासाठी पाहिजे, ते आधी सांगा." सगळ्यासाठी पाहिजे, असे मी म्हणाले. त्या लिहायच्या थांबल्या आणि वाट पाहत राहिल्या. मग मी यजमानांकडे न बघता तळव्याच्या वासाचे सांगितले. केसपेपरवर त्यांनी माझ्यासमोर दोन ओळी लिहिल्या: तळवा रोज धुता यावा व नखे कापता यावीत, मोबाइल डाव्या हातात उभा धरता यावा. दुसरी ओळ अंगणवाडीमुळे आली, कारण मुलांची वजने-उंची आता मोबाइलवर पोषण ट्रॅकर या सरकारी अ‍ॅपमध्ये भरावी लागतात, आणि एका हाताने मोबाइल धरून त्याच हाताने भरणे होत नाही.

त्या दिवशी सुई लावलीच नाही. त्यांनी गोळ्यांची पाकिटे पाहिली, रक्तदाब मोजला, साखर विचारली, सुईने घेरी येते का, फिट आली होती का, हे विचारले, आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी या उपचारासाठी आपल्या मनाने बंद करायची नाही असे बजावून सांगितले. मग प्रत्येक सांधा आधी हळू आणि मग झटकन हलवून आकडे मांडले. 1987 पासून वापरात असलेल्या सुधारित अ‍ॅशवर्थ मापनात 0 म्हणजे ताठरपणा नाही आणि 4 म्हणजे सांधा हलतच नाही. 1 आणि 2 यांच्या मधे 1 अधिक अशी एक पायरी असते. माझे कोपर 2 वर होते आणि बोटे 3 वर. हे मोजणाऱ्याच्या हाताच्या अंदाजावरचे माप आहे, म्हणून दर वेळी मीच मोजीन आणि उपचाराआधी व नंतर मोजीन, असे त्या म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात पहिली सुई लागली. यात औषध कोणते, हे मी विचारले, तेव्हा औषध नाही म्हणूनच तिला कोरडी म्हणतात असे उत्तर मिळाले. स्नायूतल्या दुखऱ्या गाठींवर पूर्वी भूल देणारी इंजेक्शने देत. 1979 साली कारेल लेविट या चेक डॉक्टरांनी मांडले की त्यातला आराम बऱ्याच अंशी औषधाचा नसून नेमक्या जागी गेलेल्या सुईचाच असतो. तेव्हापासून ही पद्धत दुखण्यासाठी वाढली, आणि मेंदूच्या झटक्यानंतरच्या ताठरपणासाठी तिचा वापर त्यामानाने अलीकडचा आहे. स्पेन आणि इराणमधल्या फिजिओथेरपिस्टांनी यावर बरेच काम केले आहे. सुया अ‍ॅक्युपंक्चरसारख्याच दिसतात, परंतु अ‍ॅक्युपंक्चरमधली बिंदूंची आणि वाहिन्यांची कल्पना येथे नसते, स्नायू कोठून कोठे जातो हे पाहून सुई घालतात.

मला पाठीवर निजवून हात उशीवर ठेवला. मॅडमनी हातमोजे घातले, पाकीट माझ्या डोळ्यांसमोर फोडले. सुई शिवणाच्या सर्वांत बारीक सुईहूनही बारीक, पोकळ नसलेली, एका प्लॅस्टिकच्या नळीत बसवलेली होती. त्यांनी कोपराखालच्या मांसल भागावर चाचपून, माझी बोटे जेवढी उघडत होती तेवढी सावकाश उघडून धरली, म्हणजे बोटे मिटवणारा स्नायू ताणलेला राहिला, कातडी स्पिरिटने पुसली, नळी टेकवली आणि सुईच्या माथ्यावर बोटाने एक टिचकी मारली. टोचल्याचे मला जेमतेम कळले, कारण त्या बाजूची जाणीव माझी अर्धीच आहे. मग त्या सुई आत-बाहेर, थोडी तिरकी करून पुन्हा आत, अशी चालवू लागल्या, तेव्हा मात्र खोलवर बोथट, जड कळ उठली, पोटरीत गोळा यावा तशी. आणि एकाएकी माझे मधले बोट आणि अनामिका टुणकन उडाली.

यजमान स्टुलावरून उठून उभे राहिले. "हाललं व बोट! म्या आपल्या डोयानं पाह्यलं," असे म्हणताना त्यांचा आवाज फाटला. आठ महिन्यांत त्यांनी माझे ते बोट हललेले पाहिले नव्हते, आणि मीही नाही. माझेही डोळे भरून आले. मॅडमनी सुई स्थिर धरली, आमच्या दोघांकडे पाहिले, आणि अतिशय हळू आवाजात सांगितले की हे बोट तुम्ही हलवलेले नाही. सुई नेमक्या जागी लागली की स्नायूचा तेवढा धागा आपोआप उडतो, कोणाचाही उडतो. सुई बरोबर बसल्याची ती खूण आहे, मेंदूचा हुकूम हातापर्यंत पोचल्याची नाही. यजमान पुन्हा खाली बसले. मला तो क्षण फार जड गेला, तरीही आज मी त्या मॅडमचे मनापासून आभार मानते की त्यांनी आम्हाला त्या आनंदात घरी जाऊ दिले नाही. तसे झाले असते तर यजमानांनी गावात पेढे वाटले असते, आणि पुढच्या पंधरवड्यात आम्ही उपचार सोडून दिला असता.

एका स्नायूवर मिनिट-दीड मिनिट, अशा चार जागा त्या दिवशी झाल्या: बोटे मिटवणारे स्नायू, मनगट वाकवणारा, तळवा पालथा करणारा, आणि अंगठ्याच्या बुडाशी असलेला, जो सर्वांत दुखला. प्रत्येक जागी सुई काढल्यावर त्यांनी कापूस बराच वेळ दाबून धरला, रक्त पातळ असल्यामुळे. वापरलेल्या सुया पांढऱ्या अर्धपारदर्शक डब्यात पडल्याचा आवाज मी मोजला. मग त्यांनी माझी बोटे हातात घेतली आणि एकेक उघडू लागल्या. करंगळी उघडली, अनामिका उघडली, आणि शेवटी अंगठा बाहेर आला. त्याचे नख लांब वाढून एका बाजूला वळले होते. तळव्याच्या रेषांमध्ये पांढरी साल धरली होती, आणि मधोमध चंद्रकोरीची खूण लालसर दिसत होती. मॅडमनी कोमट पाणी मागवले, वाटीत माझा हात ठेवला आणि स्वतः साबणाने तो धुतला, बोटांच्या बेचक्यांतून मऊ कापड फिरवून कोरडा केला. मग त्यांनी ते कापड यजमानांच्या हातात दिले आणि उरलेल्या दोन बेचक्या त्यांच्याकडून पुसून घेतल्या. पुन्हा मापले तेव्हा बोटे 3 वरून 2 वर होती.

घरी परतताना एसटीत हात मांडीवर उघडा पडला होता आणि मी सारखी त्याच्याकडे पाहत होते. संध्याकाळी सुईच्या जागा ठणकू लागल्या, दुसऱ्या दिवशीही ठणकल्या, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मूठ बहुतेक पूर्वीसारखी मिटलेली आढळली. मॅडमनी याची कल्पना दिली होती, म्हणून आम्ही खचलो नाही. सैलपणाचे हे दोन-तीन दिवस म्हणजे पावसाची उघडीप समजा, असे त्या म्हणाल्या होत्या, आणि उघडीप मिळाली की कास्तकार डवरणी उरकून घेतो, तसे तुम्ही त्या वेळात काम उरकायचे. काम म्हणजे दिवसातून तीन वेळा कोपर, मनगट, बोटे या क्रमाने अगदी सावकाश ताण देऊन धरून ठेवणे. रात्री पट्टी बांधणे. दिवसा तळव्यात मऊ गुंडाळी ठेवणे. आणि उघडलेल्या हाताला काही तरी करायला लावणे. गुंडाळी आम्ही घरच्याच कापसाची केली. यजमानांनी सरकी काढून तो पिंजला, मुलीने जुन्या सुती लुगड्याच्या कापडात शिवला, अशा चार गुंडाळ्या केल्या, म्हणजे रोज एक धुऊन वाळत घालता येई.

हाताच्या कामासाठी आम्ही कापूसच निवडला. तेव्हा वावरात शेवटचा वेचा चालू होता. मांडीवर टोपले ठेवून उजव्या हाताने डाव्या बोटांत कापसाचा बोळा द्यायचा आणि डाव्या बोटांनी तो टोपल्यात सोडायचा. धरणे मला जमतच होते, किंबहुना तेवढेच जमत होते. खरा प्रश्न सोडण्याचा होता. पहिल्या आठवड्यात एकही बोळा सुटला नाही, प्रत्येक यजमानांनी काढून घेतला. चौथ्या सुईनंतर मनगट आत वाकवून तर्जनी आणि अंगठा यांच्या मधून बोळा खाली पडू लागला, वीसातून सहा-सात वेळा. हे मात्र माझे स्वतःचे हलणे होते, आणि मॅडमनी ते पाहून केसपेपरवर लिहिले तेव्हा त्यांनी त्या अक्षरांखाली रेघ ओढली.

आठवड्याला एक याप्रमाणे सहा वेळा सुई झाली. एसटीत बायकांना अर्धे तिकीट असल्यामुळे माझा प्रवास स्वस्तात पडे, पण यजमानांचा रोज बुडे आणि दिवस सगळा जाई. परिणाम टिकण्याचा काळ वाढत गेला. सहाव्या वेळेनंतर बोटे साधारणपणे 2 वर राहू लागली, सुईच्या दिवशी 1 अधिकपर्यंत उतरत, आणि कोपर 1 अधिकवर आले. हे सुईने किती झाले आणि रोजच्या ताणाने व पट्टीने किती, हे वेगळे करून मला सांगता येणार नाही. आजवरचे अभ्यासही थोड्या थोड्या रुग्णांवरचे आणि काही आठवड्यांपुरते आहेत. ताठरपणा काही काळ कमी होतो असे त्यांत बऱ्याचदा दिसले आहे, पण त्यामुळे हात कामाला लागतो असे तितक्या खात्रीने दिसलेले नाही. माझा अनुभव याला धरूनच आहे.

पायाचा अनुभव मात्र वेगळा आणि सांगण्याजोगा आहे. माझी टाच नीट टेकत नव्हती, पाऊल आत वळे, म्हणून चौथ्या वेळी माझ्याच आग्रहावरून पोटरीत सुई घातली. टाच लगेच टेकली आणि मला आनंद झाला. पण बसस्थानकावर गाडीची पायरी चढताना गुडघा एकदम खचला, आणि मागच्या मुलाने धरले नसते तर मी पडलेच असते. ज्या ताठरपणाला मी शिव्या देत होते, त्याच्याच आधारावर तो अशक्त पाय मला उभे करत होता, हे त्या दिवशी कळले. मॅडमना फोन केला तेव्हा त्यांनी स्वतःची चूक आधी मान्य केली, की उभे राहून पाहण्याची तपासणी उपचारानंतर पुन्हा घ्यायला हवी होती. पायाला पुढे सुई लावली नाही. घोट्याला आधाराची पट्टी करून दिली आणि मांडीच्या ताकदीचे व्यायाम दिले. छातीवरच्या आवळलेल्या स्नायूतही सुई घालायला त्यांनी नकार दिला, कारण तेथे खाली फुप्फुस असते, आणि खांद्यासाठी नुसता ताणच दिला.

आणखी एका भेटीत सुई न लावताच त्यांनी आम्हाला परत पाठवले. त्या आठवड्यात हात एकाएकी दगडासारखा झाला होता आणि मी सुईची वाट पाहत गेले होते. लघवीला जळजळ होते का, पोट साफ होते का, असे त्यांनी विचारले. जळजळ चार दिवसांपासून होती, पण तिचा हाताशी काय संबंध, म्हणून मी बोललेच नव्हते. शरीरात कोठेही त्रास असला, मूत्रमार्गाचा संसर्ग असो, बद्धकोष्ठ असो, पायाला घट्ट पट्टा रुतत असो, तरी ताठरपणा वाढतो. तपासणीत संसर्ग निघाला, औषधाने तो गेला, आणि त्याच्याबरोबर हातही पूर्ववत सैल झाला. डिसेंबरच्या थंडीतही हात आवळतो; तेव्हा सकाळी कोमट पाण्यात बुडवून मगच ताण देते.

आता महिना-दीड महिन्यातून एकदा गरज वाटली तर जाते, कधी तेवढीही लागत नाही. मी तळवा रोज सकाळी उजव्या हाताने स्वतः उघडून धुते. नखे रविवारी यजमान एकटेच कापतात. भाकरी थापणे होत नाही, पण परातीची कड डाव्या मुठीने दाबून धरता येते आणि कणीक मळून होते. कोपर चालताना अजूनही दुमडते, पण छातीशी येत नाही. बटन लावणे, वेणी घालणे, पदर खोचणे यांतले काही परत आलेले नाही.

केसपेपरवरची दुसरी ओळही जमली आहे, तीही ताठरपणाचाच उपयोग करून. बोटे आधी उघडून त्यांत मोबाइल बसवला की ती आपणहून मिटतात आणि मोबाइल उभा राहतो. मागच्या सोमवारी मदतनीस ताईंनी मुलांना एकेक करून काट्यावर उभे केले आणि मी उजव्या हाताने वजने भरत गेले. अकरा मुले झाल्यावर बोटे जास्त आवळू लागली, मोबाइलची कड तळव्यात रुतली. तेव्हा ताईंनी माझे मनगट आत वाकवले, मोबाइल काढून घेतला, आणि उरलेल्या सात मुलांची वजने त्यांनी वाचली ती मी आधी वहीत उतरवून घेतली.